भावोजींचा कोरा भात

ताईने लग्न ठरवलं तेव्हा आमच्या घरात तिला दोनच प्रश्न विचारले गेले. आईने विचारलं, "स्वभावाने कसा आहे?" आणि मी विचारलं, "खातो काय?" पहिल्या प्रश्नावर ताई पाऊण तास बोलली. दुसऱ्यावर नुसतं म्हणाली, "साधंच खातात."

हे 'साधंच' म्हणजे काय, ते मला होणारे भावोजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा कळलं. मी एका मोठ्या ऑफिसचं कॅन्टीन चालवते. रोज दुपारी अडीचशे माणसं माझ्या हातचं जेवतात. साहेबाच्या नावाने बोटं मोडणारीसुद्धा माझ्या सुपाला नावं ठेवत नाहीत. त्यामुळे त्या दिवशी मी अंमळ जास्तच पेटले होते. सकाळपासून खपून अकरा पदार्थ केले. गृहस्थ आले, छान हसले, खुर्चीवर बसले, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि अगदी अदबीने म्हणाले, "संत्रं आहे का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसले. तेही हसले. मग पुन्हा म्हणाले, "नसेल तर केळं चालेल."

भावोजींचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. उंच, किडकिडीत माणूस, कानामागे कायम पेन्सिल, नखांत कायम तेल. कुठलंही मशीन समोर आलं की आधी त्याचं झाकण काढतात, आत दिवा धरतात आणि दहा मिनिटं नुसते बघत बसतात. गिऱ्हाईक कितीही घाई करो, आतलं सगळं बघितल्याशिवाय हे स्क्रू फिरवायचे नाहीत. पण एकदा दुरुस्त केलेलं मशीन परत यायचं नाही, त्यामुळे लोक थांबायचे.

आणि हा माणूस जगत होता सात पदार्थांवर. सालासकट उकडलेला बटाटा, उकडलेलं अंडं, केळं, संत्रं, भाजलेल्या शेंगा, बंद पुड्यातली बिस्किटं आणि स्वतः केलेला कोरा चहा. बटाटा स्वतः सोलायचे. अंडंही स्वतःच. ताईने एकदा प्रेमाने सोलून दिलं तर तिचे आभार मानून दुसरं घेतलं. पाव नाही, दूध नाही, भाजी नाही, रस्सा तर नावालाही नाही. लग्नाच्या जेवणात सगळे तुटून पडलेले आणि नवरदेव कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेले, असा एक फोटो आमच्याकडे आहे. तो मी मुद्दाम फ्रेम करून त्यांना भेट दिला.

मेहुणीला भावोजींची थट्टा करायचा हक्क असतो आणि मी तो पुरेपूर वसूल केला. "भावोजी, आज काय बेत? बटाटा की बटाटा?" "भावोजी, प्राणिसंग्रहालयातून फोन होता, त्यांची केळी कमी पडतायत." ते सगळं हसून घ्यायचे. शांतपणे एखादी शेंग फोडायचे, दाणा तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "मेहुणीबाई, तुमचं चालू द्या. माझं चालू आहे."

आठवा पदार्थ आला लग्नानंतर दीड वर्षाने. मी ताईकडे गेले होते, ताईने धुऊन दिलेल्या तांदळाचा भात मी केला होता. पांढराशुभ्र, मोकळा, दाणा न् दाणा सुटा. भावोजी पातेल्याजवळ आले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "यात काय काय आहे?"

"तांदूळ आणि पाणी."

"मीठ?"

"नाही."

"तेल?"

"नाही हो! कोरा भात आहे. माझ्यासारखाच, ओठात एक पोटात एक असं काही नाही."

त्यांनी एक वाटी भात खाल्ला. मग दुसरी. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तोंडावर हात धरून बघत होती, जणू काही तिच्या नवऱ्याने विमान उडवलं. त्या दिवसापासून ताईच्या आणि माझ्या, आम्हा दोघींच्याच हातचा कोरा भात त्यांना चालायला लागला. हा मान मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगत फिरले.

त्यांच्या स्वतःच्या आईला मात्र हा मान नव्हता. ताईच्या सासूबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. ठेंगणी, चटपटीत बाई, जिभेला हाड नसलेली, पण मनाची स्वच्छ. रोज संध्याकाळी नातीला भेटायला यायच्या. भावोजी आईकडे गेले की फक्त केळं खायचे, तेही स्वतः सोलून. सासूबाईंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. एकदाच मला म्हणाल्या, "मुलगा माझा, पण जेवतो तुमच्या घरी." आणि लगेच विषय बदलून माझ्या केसांना नावं ठेवली.

नात म्हणजे चिमणी. वय वर्षं सहा. ही बापाच्या अगदी उलट. समोर येईल ते खायची. एकदा साबणाची वडीही चाखून झाली होती.

तर असं सगळं सुखाने चाललेलं असताना ताईने भावोजींची रक्ततपासणी करून घेतली. ते अलीकडे जिना चढताना दमायचे. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, अंगात हे नाही, ते नाही. गोळ्या लिहून देतो, पण जेवण सुधारा. ताई मला फोनवर सांगताना रडकुंडीला आली होती. "कसं सुधारू गं? यांना काही विचारलं की 'नको' म्हणतात. बरं, आरडाओरडा करतील तर भांडता येईल. नुसतं 'नको'. आणि जेवणाला 'नको' म्हणणारा माणूस औषधाला काय म्हणेल? म्हणून ती गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्येच ठेवलीय."

मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. मी बघते."

हे 'मी बघते' माझ्या तोंडून निघालं की आमची आई अजूनही देवाचं नाव घेते.

रविवारी मी त्यांना तिघांनाही जेवायला बोलावलं. सकाळी गाजर, कांदा, कोबीचे देठ, पालेभाजीच्या काड्या, असं सगळं मोठ्या पातेल्यात दोन तास मंद आचेवर उकळलं. मग ते पाणी तलम फडक्यातून तीनदा गाळलं. पालेभाजीचा हिरवा रंग काढायला मला काय काय करावं लागलं ते सांगत नाही, धंद्याचं गुपित आहे. शेवटी पाणी अगदी नितळ झालं. त्या पाण्यात मी तांदूळ शिजवले. भात उतरला तो नेहमीसारखाच पांढरा, नेहमीसारखाच मोकळा. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की मी त्याचा फोटो काढला.

भावोजी जेवायला बसले. वाटीत भात घेतला. पहिला घास खाल्ला. दुसरा तोंडाशी नेला आणि थांबले. चमचा परत वाटीत ठेवला.

"मेहुणीबाई, यात काय आहे?"

"कुठे काय? भात आहे."

"अजून?"

"काही नाही हो. तांदूळ आणि पाणी."

हे मी हसू दाबत, पण त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग चमचा उचलला आणि तो घास खाल्ला. माझ्यावर विश्वास ठेवून खाल्ला, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तिसरा घास झाला, चौथा झाला, आणि मला राहवेना. मी टाळी वाजवून ओरडले, "जिंकले! भावोजी, भाज्यांचं पाणी आहे त्यात! गाजर, कोबी, पालेभाजी, सगळं! खाल्लंत की नाही? काय झालं? मेलात का?"

चिमणी खिदळली. ताई हसली नाही. भावोजी पण हसले नाहीत. त्यांचा चेहरा त्या भाताइतकाच पांढरा झाला होता. ते उठले, वाटी स्वतः धुतली, पालथी घातली, हात पुसले. "मी दुकानात जाऊन येतो," म्हणाले. रविवारी. चपला घालून निघून गेले.

चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत घालता येते.

त्यानंतर भावोजींनी भात सोडला. माझ्या हातचा तर सोडलाच, ताईच्या हातचाही. बटाटे आणि अंडी स्वतः उकडायला लागले, तीही पातेल्यासमोर उभं राहून, शिजेपर्यंत. डबा स्वतः भरायचे. संत्री बाजारातून स्वतः आणायचे. ताईशी नेहमीसारखेच बोलायचे, चिमणीचा अभ्यास घ्यायचे, पण घरातल्या कुणी पुढे केलेलं काहीही घ्यायचे नाहीत. पाचव्या आठवड्यात त्यांनी पट्ट्याला टोच्याने नवीन भोक पाडलं. ते ताईने बघितलं आणि त्या दिवशी मला फोन केला. तोवर ती माझ्याशी बोलत नव्हती.

"तुला कल्पना आहे का," ती म्हणाली, "तो भात माझ्या हातून खायला लागायच्या आधी मी किती महिने त्यांच्यासमोर तांदूळ धुतलेत? पाणी मोजून दाखवलंय? एक शब्द न बोलता?"

"ताई, अगं, एवढ्याशा पाण्यासाठी..."

"पाण्यासाठी नाही. त्यांनी तुला विचारलं होतं. तू 'काही नाही' म्हणालीस."

फोन ठेवल्यावर मी भाताचा तो फोटो पुसून टाकला. 

त्याच आठवड्यात चिमणीचा कान दुखायला लागला. ताप भरला. डॉक्टरांनी बाटलीतलं औषध दिलं, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, एकदाही चुकवायचं नाही. मी संध्याकाळी कॅन्टीन आवरून तिला बघायला गेले. भावोजी दुकानातून आलेले नव्हते. घरात युद्ध चाललेलं. चिमणीने पहिला चमचा भिंतीवर उडवला होता, दुसरा ताईच्या झग्यावर. आता ती पलंगाच्या कोपऱ्यात दोन्ही हातांनी तोंड गच्च धरून बसली होती. साबण खाणारी मुलगी, पण त्या औषधापुढे तिनेही हात टेकले होते.

सासूबाई खुर्चीत बसून सूचना देत होत्या. "अगं, अशी काय झटापट करतेस? जॅममध्ये कालव आणि दे. पोराला कळतसुद्धा नाही. मी बाळला वर्षभर असंच दिलंय." बाळ म्हणजे भावोजी, वय वर्षं शेहेचाळीस. "छातीचं दुखणं होतं त्याचं. तीन वेळा गोळ्या, आणि तो भडाभडा थुंकून टाकायचा. मग मी डोकं चालवलं. गोळी कुटायची आणि दुधात, सुपात, कशातही मिसळायची. वर्षभर! एकदासुद्धा कळलं नाही पठ्ठ्याला."

"कळलं होतं," दारातून आवाज आला.

भावोजी उभे होते. खांद्यावर अवजारांची पिशवी तशीच.

सासूबाई हसत वळल्या. "काय कळलं होतं?"

"सगळं. दूध कडू लागायचं. सूप कडू लागायचं. मी तुला विचारायचो, यात औषध आहे का. तू म्हणायचीस, नाही रे राजा."

"अरे, ते..."

"वाढदिवसाचा केकही कडू होता, आई. सातव्या वाढदिवसाचा. सगळी मुलं समोर होती. सगळ्यांचा गोड होता. माझाच तेवढा कडू होता."

ते ओरडले नाहीत. मशीनमध्ये कुठला भाग तुटलाय ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत होते. पण पिशवीचा पट्टा त्यांनी मुठीत इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली होती.

आणि तिथे, ताईच्या झग्यावरचा औषधाचा डाग पुसता पुसता, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. केळं. संत्रं. अंडं. शेंग. सालासकट बटाटा. बंद पुडा. स्वतः केलेला चहा. ज्याच्यात कुणाला काही घालताच येत नाही असंच सगळं हा माणूस चाळीस वर्षं खात होता. एका भाताचा तेवढा त्याने अपवाद केला होता. एका बायकोच्या आणि एका मेहुणीच्या भरवशावर. त्यातल्या मेहुणीने फडक्यातून तीनदा गाळून त्याचं काय केलं, ते तुम्हाला सांगितलंच आहे.

माझे कान तापले. मी बसले ती पलंगाच्या कडेवर, चिमणीच्या पायावर. ती कळवळली.

भावोजींनी पिशवी खाली ठेवली, हात धुतले, पलंगाजवळ गुडघे टेकून बसले. बाटली उचलली. चिमणीने तोंडावरचे हात अजून घट्ट केले.

"हे औषध आहे," ते म्हणाले. "कुठेही मिसळणार नाही. पण घ्यावं लागणार."

हातांच्या आडून आवाज आला, "कडू आहे?"

"मला माहीत नाही. थांब."

आणि ज्या माणसाने आयुष्यात माझ्या अकरा पदार्थांना बोट लावलं नव्हतं, त्याने चमच्यात औषध ओतलं, जरासं जिभेला लावलं आणि चाखलं. त्यांचा चेहरा इतका वेडावाकडा झाला, डोळे मिटले, मान हलली, कान हलले, की चिमणी तोंडावरचे हात विसरून बघतच राहिली.

"भयंकर आहे," भावोजी म्हणाले. "आधी गोड लागतं, ती फसवणूक आहे. मग कडू होतं. मी मनात मोजलं. नऊपर्यंत कडू राहतं. मग कमी होतं. पाणी प्यायलं की जातं."

"नऊ?"

"नऊ. दहा नाही."

चिमणीने विचार केला. "तुम्ही मोजा. मोठ्याने."

तिने चमचा तोंडात घेतला. भावोजी मोजायला लागले. सातला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, नऊला तिने पेला हिसकावून घेतला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "बाबा, अकरापर्यंत होतं."

"माझी जीभ मोठी आहे. तुला दोन जास्त लागले असतील," भावोजी गंभीरपणे म्हणाले. "उद्या अकरा धरू."

मी हसले. ताई रडत हसली. सासूबाई मात्र खुर्चीत आक्रसून बसल्या होत्या. त्या बाईला मी पहिल्यांदाच शब्दांवाचून बघितलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले होते, एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. तू एवढासा होतास. तुझ्या बरगड्या मोजता यायच्या. मी काय करणार होते रे?"

"तेच करणार होतीस," भावोजी म्हणाले. "त्यानेच बरा झालो. मी तुला बोल लावत नाहीये."

"मग चाळीस वर्षं माझ्या हातचं का खाल्लं नाहीस?"

"केळी खाल्ली की."

"ती झाडाच्या हातची," सासूबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना एकदम हुंदका आला. भावोजी उठले आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसले, उंच माणूस लहान खुर्चीवर बसतो तसे, गुडघे वर काढून. काही बोलले नाहीत. आईच्या डोक्यावर हात ठेवून बसले. सासूबाई म्हणाल्या, "तेलकट हात आहेत तुझे." पण हात काढायला सांगितलं नाही.

थोड्या वेळाने ताईने हळूच विषय काढला. पर्समधून ती चिठ्ठी काढली. "रागावू नका, पण डॉक्टरांनी रक्तासाठी गोळ्या लिहून दिल्यात. तुम्हाला मी विचारलंच नाही. मला वाटलं..."

"कसल्या गोळ्या? पाकिटातल्या?"

"हो."

"दे की. पाण्याबरोबर गिळेन. गोळी दिसते ना, मग काय!" ते खरोखरच चक्रावले होते. "मी गोळ्यांना कधी नाही म्हटलं?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. दोन तास उकळलेलं ते पातेलं, ते तलम फडकं, ते धंद्याचं गुपित, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. नुसतं विचारायचं होतं!

निघताना मी भावोजींना जिन्यात गाठलं. माफी मागायची मला सवय नाही. मी म्हटलं, "भावोजी, त्या दिवशी मी..."

ते म्हणाले, "चव वाईट नव्हती हो."

"काय?"

"त्या भाताची. वेगळी होती, पण वाईट नव्हती. मला वाईट चवीची भीती वाटत नाही, मेहुणीबाई. आत्ताच बघितलंत. मी विचारतो आणि समोरचा प्रेमाने 'काही नाही' म्हणतो ना, त्याची वाटते. ते खोटं निघालं की मग कुणाच्याच हातचा घास गिळला जात नाही. मी ठरवून नाही करत."

"पुन्हा नाही खोटं बोलणार," मी म्हटलं. "स्वयंपाकाबद्दल तरी."

"वयाबद्दल?"

"ते चालू राहील."

पुढच्या शनिवारी कॅन्टीन बंद असताना मी त्यांना बोलावलं. जेवायला नाही, नुसतं बघायला. ओट्याशेजारी उंच स्टूल ठेवलं. भावोजी आले, बसले, खिशातून छोटी विजेरी काढली. मला वाटलं, इतकं काही करणार नाहीत. पण त्यांनी केलं. तांदळाचा डबा उघडून आत दिवा मारला. पातेलं उलटंपालटं करून बघितलं. नळाचं पाणी पेल्यात धरून खिडकीपाशी नेलं. आरोग्य खात्याचा माणूस माझ्याकडे वर्षातून दोनदा येतो, पण एवढा जीव तोही काढत नाही.

"झाकण काचेचं नाही का?" त्यांनी विचारलं.

"आहे, साहेब." मी काचेचं झाकण शोधून काढलं, धुतलं, ठेवलं. भावोजी वीस मिनिटं त्या झाकणातून भात शिजताना बघत बसले. मीही बघितला. इतकी वर्षं रोज भात शिजवते, पण तो शिजताना कसा दिसतो ते मी कधी थांबून बघितलं नव्हतं. चांगला दिसतो.

भात झाला. त्यांनी विचारलं, "यात काय आहे?"

"तांदूळ, पाणी, आणि तुमच्या विजेरीचा उजेड."

ते अर्धी वाटी खाऊन थांबले. मी आग्रह केला नाही. माझ्या आयुष्यात मी कुणाला आग्रह केला नाही असा तो पहिलाच दिवस असावा, मला अंगात कणकण आल्यासारखं वाटत होतं.

मी सोमवारची तयारी करायला घेतली. टोपलीत मटारच्या शेंगा होत्या, त्या सोलत बसले. भावोजी स्टुलावर बसून बघत होते. बघता बघता त्यांनी हात पुढे केला, एक न सोललेली शेंग उचलली, उलटसुलट केली. नखाने शिवण उसवली. आत सात दाणे ओळीत बसलेले. ते त्यांनी बराच वेळ बघितले, मशीनचं झाकण काढल्यावर बघतात तसे. मग मला विचारलं, "हे कच्चे खातात?"

माझा हात थांबला. "खातात," मी शेंगेकडे बघतच म्हटलं. वर बघायची हिंमत नव्हती. वर बघितलं असतं तर मी काहीतरी बोलले असते, आणि बोलले असते तर सगळं नासलं असतं.

त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. चावला. मग अजून एक. मी टोपलीत बघत मनातल्या मनात आमच्या आईसारखं देवाचं नाव घेत होते.

"नाही आवडले," भावोजी म्हणाले.

"का? गोड नाहीत?"

"गोड आहेत. पण नाही आवडले. पिठूळ लागतात."

सकाळीच आणलेले, कोवळे, ताजे मटार! पिठूळ! बाईमाणसाने एवढं मन लावून आणावेत आणि ज्याने उभ्या आयुष्यात दोन दाणे खाल्ले त्याने त्यांना नावं ठेवावीत! मी तोंड उघडलं आणि मिटलं. "बरं," म्हटलं. "उरलेले मला द्या."

ते गेल्यावर मी ताईला फोन लावला.

"काय झालं? खाल्लं का काही?" ती एका श्वासात म्हणाली.

"अर्धी वाटी भात. आणि मटारचे दोन दाणे."

"मटार? मटार खाल्ले?"

"फार उड्या मारू नकोस. नाही आवडले त्यांना. पिठूळ लागले म्हणे."

मग ताई हळूच म्हणाली, "'नाही आवडले' म्हणाले? 'नको' नाही म्हणाले?"

"नाही. खाऊन, चावून, विचार करून म्हणाले, 'नाही आवडले'."

"अगं," ती म्हणाली, "त्यांना आजवर काही न आवडायची संधीच कुठे मिळाली होती?" आणि ती हसायला लागली. इतकी हसली की मागून सासूबाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं, आणि ताईला सांगता येईना.

मी फोन कानाला तसाच धरून उरलेल्या शेंगा सोलल्या. एक दाणा तोंडात टाकून बघितला. तसे पिठूळच होते.